लॉट चौदा, कन्सेशन सहा

त्या रविवारी बाबांना घरं मोजायची होती.

"जनगणनेचे आकडे आहेत ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आकडे ओटावात बसून होतात. तू गाडी काढ."

उन्हाळ्यात नजर गेल्यामुळे बाबांचं लायसन्स काढून घेतलं होतं. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी मी मिल्टनहून दोन तास गाडी चालवून यायची आणि संध्याकाळी परत जायची. मधल्या वेळात त्यांची ड्रायव्हर. ते शेजारच्या सीटवर मांडीवर क्लिपबोर्ड घेऊन बसायचे. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली, कारण पडली तर त्यांना ती दिसत नसे.

थॉर्नबेक काउंटीचा इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या असं पुस्तक ते लिहीत होते. लिहीत होते म्हणजे एका समितीसाठी जुळवत होते. इतिहास झाला होता. काउंटीच्या जुन्या पुस्तकाची सुरुवात १८३२ साली 'निर्जन जंगला'पासून होत असे. ते वाक्य बाबांनी काढून टाकलं आणि तिथे आधी राहत असलेल्या अनिशिनाबे लोकांवर चौदा पानं घातली. त्यावरून समितीत दोन बैठका भांडण झालं. भूगोलाला भांडण नव्हतं, कारण तो त्यांना जितका ठाऊक होता तितका कुणालाच नव्हता. पस्तीस वर्षं ते काउंटीचे ड्रेनेज सुपरिंटेंडंट होते. सगळी जमीन सपाट, चिकणमातीची. पाणी पडलं की बसून राहणार. दीडशे वर्षांपूर्वी लोकांनी चर खणून ते तळ्याकडे घालवलं, म्हणून तर शेती झाली. प्रत्येक चराला, म्हणजे ड्रेनला, तो मागणाऱ्या शेतकऱ्याचं नाव. बाबांना अडीचशे ड्रेनची नावं पाठ होती.

"आमच्या आटपाडीत पाणी आणायचं म्हणून भांडणं," ते कुणालाही सांगत, "इथे पाणी घालवायचं म्हणून. इंजिनिअरला दोन्हीकडे काम."

अडलं होतं ते लोकसंख्येपाशी.

आम्ही सहाव्या कन्सेशनवर होतो. कन्सेशन म्हणजे सव्वा सव्वा मैलावर आखलेले समांतर रस्ते. त्यांच्यामध्ये शेतांचे लांबट तुकडे, प्रत्येकाला लॉट नंबर. नोव्हेंबर संपत आला होता. मका कापून झालेला, शेतं उघडी. बाबा मधेच म्हणाले, "थांब. डावीकडे लायलॅकचं झुडूप आहे का?"

"आहे."

"घर?"

"नाही."

"म्हणजे होतं. लायलॅक आपोआप उगवत नाही. लिही, एक गेलं."

मी त्यांच्या क्लिपबोर्डवर लिहिलं. अकरा घरं होती, आता सात. त्यातल्या दोन घरांत कुणी राहत नाही. एका माणसाकडे हजार एकर असले की शेजारी उरत नाही, बाबा म्हणाले. मग आमचं घर आलं. लॉट चौदा. बाबांनी मला गाडी आत घालू दिली नाही, रस्त्यावरच थांबवली, जणू इतरांसारखंच तेही मोजायचं होतं.

"शहाऐंशीच्या जनगणनेत इथे चार," ते म्हणाले. "एक्याण्णवला एक. मधे काय झालं ते लिहावं लागतं. इतर घरांचं मी लिहिलंय. रस्ता रुंद झाला, बार्न जळलं, मुलगा ऑइल कंपनीत गेला."

"लिहू ना बाबा."

"कस्तू, तुला अडीचशे शब्द सांगितले होते. मे महिन्यात."

"हो."

"आता नोव्हेंबर आहे."

"चारपर्यंत निघायला हवं मला. स्नो येतोय. अजून विंटर टायर लावले नाहीत."

"लावले नाहीस? नोव्हेंबर संपला!" आणि मग पुढची दहा मिनिटं टायरवर गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. घरी त्यांनी मला पिठलं गरम करून दिलं, भाकरी फ्रीझरमधली. मी चारला निघाले. गाडी वळेपर्यंत ते दारात उभे होते. मी कुठे आहे हे त्यांना बहुतेक दिसतही नसावं, तरी चुकीच्या दिशेला हात हलवत होते.

सोमवारी सकाळी नऊ वाजता रॉसचा फोन आला. रॉस हा बाबांच्या जागी आलेला सुपरिंटेंडंट; बाबांनीच त्याला शिकवलेलं. रोज कामावर जाताना तो त्यांच्याकडे कॉफी प्यायला थांबायचा. बाबा स्वयंपाकघरात खुर्चीवर होते, तो म्हणाला, चहाचं भांडं उतरवलेलं होतं, गॅस बंद होता. "गसने सगळं बंद करून ठेवलं होतं," तो पुन्हा म्हणाला. इथे त्यांना सगळे गस म्हणत. गुरुदत्त दिघंचीकर हे नाव फक्त सहीपुरतं.

त्यानंतरचे सात आठवडे मी कुठेच नीट बसले नाही. मिल्टनमध्ये असले की काउंटीत काहीतरी उघडं राहिलंय असं वाटे: तळघरातला पंप, मागचं दार. काउंटीत पोचले की तासाभरात परत निघावंसं वाटे. ऊर्मी, माझी मुलगी, ग्वेल्फला शिकते. ती दोनदा बरोबर आली. दुसऱ्यांदा म्हणाली, "मम, यू हॅव नॉट टेकन युअर कोट ऑफ." खरंच, मी कोट घालूनच भांडी आवरत होते. मी ग्रंथपाल आहे. शोक म्हणजे काय यावर कोणती पुस्तकं कुठल्या फडताळात आहेत ते मला माहीत होतं. एकही काढलं नाही. गाडी काढत होते. सहावा कन्सेशन, साइड रोड, सातवा कन्सेशन, साइड रोड. या काउंटीत हरवता येत नाही, चौकोन पूर्ण करून माणूस आपल्याच दारात येतो.

अंत्यविधीला दीडशे माणसं आली होती. इतकी माणसं आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या, शाळेत, चर्चमध्ये, दुकानात मिळूनही मी लहानपणी पाहिली नव्हती. रॉसने शवपेटीला खांदा दिला. मग चर्चच्या तळघरात सँडविच खाताना तो माझ्याजवळ आला. मोठा, लाल चेहऱ्याचा, एक्कावन्न वर्षांचा माणूस. रडून डोळे सुजलेले.

"तुला आठवतं का," तो म्हणाला, "आपण एकाच बसने जायचो. सात नंबर."

"आठवतं," मी म्हटलं.

"ते दिवस," तो म्हणाला, आणि हसला, आणि त्याच्या हसण्यात काहीच लपवलेलं नव्हतं.

त्याच्यामागून व्हर्ना डायक्स्ट्रा आली. व्हर्ना समितीची अध्यक्ष, वय चौऱ्याऐंशी, डच आईबापांची. आमच्या शेजारच्या लॉटवर तिचं सगळं आयुष्य गेलं. तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

"अठरा जानेवारीला सहाव्या कन्सेशनचं वाचन आहे," ती म्हणाली. "लॉट चौदासाठी घरचं माणूस लागतं."

"बाबांनी मजकूर दिला असेल ना?"

"सप्टेंबरमध्ये दिलाय. पण तुला नियम ठाऊक आहे."

मला ठाऊक होता. १९६७ साली, देशाच्या शताब्दीला, पहिलं पुस्तक निघालं. त्यात छापणाऱ्याच्या घाईत एका घरातली मुलं चुकून दुसऱ्याच बाईच्या नावावर पडली. दोन्ही बाया जिवंत होत्या. ती घराणी पन्नास वर्षं एका चर्चमध्ये बसली नाहीत. म्हणून या वेळी समितीने ठरवलं, की प्रत्येक घराने आपला मजकूर टाउनशिप हॉलमध्ये उभं राहून वाचायचा. शेजाऱ्यांनी ऐकायचं, चूक असेल तिथे बोलायचं. घरच्या माणसाने तिथल्या तिथे दुरुस्त करून सही करायची. मगच छापायला. वाचलं नाही तर लॉट कोरा जाणार.

"त्यानंतर काही बदलत नाही," व्हर्ना म्हणाली. "देवसुद्धा बदलू शकत नाही. प्रिंटर आडमुठा आहे."

बाबांच्या टेबलावर लॉट चौदाची फाइल होती. पहिला मसुदा टाइप केलेला, सप्टेंबरचा, समितीला दिलेला तोच. बाबांचं इंग्रजी सरकारी अहवालासारखं. १९७४ साली आगमन. घर, विहीर, दोन मुलं. मग एक वाक्य: 'मिसेस दिघंचीकर यांना ग्रामीण जीवन मानवले नाही, व १९८८ साली त्या मुलांसह टोरोंटोकडे स्थलांतरित झाल्या.' पुढे सगळं ड्रेनबद्दल.

दुसऱ्या कागदावर तेच वाक्य हाताने खोडून वर लिहिलं होतं, 'मुलांच्या शिक्षणासाठी'. तेही खोडलेलं. तिसऱ्या कागदावर त्या वाक्याच्या जागी रिकामी ओळ होती आणि बाजूला पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत, मराठीत: कस्तूला विचारणे.

मी उठले. भांडी घासली, जी घासलेली होती. परत येऊन वाचलं.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात मी तेरा वर्षांची होते. सात नंबरच्या बसमध्ये मागच्या सीटवर चार मुलं बसायची. सुरुवात नाक धरण्यापासून झाली. बाबा ड्रेनमध्ये उतरून काम करायचे, म्हणून मला गटारात जन्मलेली म्हणायचे. कुणी शेजारी बसत नसे; जागा नसेल तर उभे राहू म्हणायचे. मग एकदा खिडकीतून माझं दप्तर बाहेर गेलं, एकदा जेवणाचा डबा. शेवटी एका दुपारी चौघांनी मला माझ्या थांब्यावर उतरू दिलं नाही. ड्रायव्हरने मागे पाहिलं नाही. अडीच मैल पुढे सोडलं. मी ड्रेनच्या काठाने चालत घरी आले, आणि ड्रेनमध्ये पाणी किती खोल आहे ते बघत बघत आले.

आईला सगळं सांगितलं. म्हटलं, "मला इथून घेऊन चल, नाहीतर मी त्या पाण्यात जाईन."

आईने, मृणालिनीने, लगेच काही विचारलं नाही. माझे बूट काढले, चिखल होता. मग म्हणाली, "बाबांना सांगूया."

"नाही. तुला माझी शपथ."

का नाही, ते मला तेव्हा सांगता आलं नव्हतं. बाबा इथे सुखी होते. रोज संध्याकाळी ते एखाद्या नव्या ड्रेनची गोष्ट सांगायचे, जशी दुसऱ्यांचे वडील राक्षसाची सांगतात. त्या चौघांतल्या एकाचा बाप कौन्सिलर होता, बाबांची नोकरी त्याच्या हातात. बाबा त्याच्या दारात जाऊन उभे राहिले असते, आणि मग त्यांचं काय झालं असतं, ही भीती मला त्या पाण्यापेक्षा मोठी वाटली.

त्या रात्री जेवताना आईने भात वाढता वाढता सांगितलं, "अहो, मला इथे करमत नाही."

बाबा भात कालवायचे थांबले. "चौदा वर्षांनी?"

"चौदा वर्षं रेटलं."

ती खोटं बोलत होती. आईला इथे करमत होतं. बुधवारी चर्चच्या तळघरात ती व्हर्नाबरोबर क्विल्ट शिवायची. मागे मेथी, चुका, कोथिंबीर. फॉल फेअरला तिच्या लोणच्याला तिसरा नंबर मिळाला होता आणि ती महिनाभर म्हणत होती की पहिला देणाऱ्यांना तिखट सोसत नाही. जूनच्या शेवटी आम्ही टोरोंटोजवळ मिसिसॉगाला गेलो, ती एका बँकेत काउंटरवर उभी राहायला लागली. बाबा शुक्रवारी यायचे, रविवारी जायचे. तीस वर्षं. पाहुण्यांसमोर ते म्हणायचे, "हिला गव्हाचं शेत बघून डोकं दुखतं." आणि आई हसायची. मी तिथेच असायची, पोहे वाढत, पाणी देत. मीही हसायची.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हा सांगता आलं असतं.

मी सरेला अनुपला फोन केला. माझा धाकटा भाऊ. अठ्ठ्याऐंशीला तो आठ वर्षांचा होता. बाबांचं ते वाक्य त्याला वाचून दाखवलं.

"त्यात काय बदलायचंय, ताई? बरोबरच लिहिलंय."

"काय बरोबर?"

"आईला नाही जमलं. इट्स फाइन. सगळ्यांना सगळं जमत नाही. पण खरं सांगू? मला तिचा राग होता. बाबा तिथे एकटे डबे गरम करून खात होते."

"अनुप, वाचनाला तू फोनवर राहशील?"

"राहतो ना. पण तू उगाच काहीतरी लिटररी करू नकोस. कोण वाचणारे हे पुस्तक? लॉट तेरा आणि लॉट पंधरा."

अठरा जानेवारीला दुपारी एक वाजता हॉलचं पार्किंग स्नो शोव्हल करून मोकळं केलेलं होतं. रॉसने केलं होतं. आत चाळीसएक माणसं, बटर टार्ट, मोठ्या भांड्यात कॉफी. मी मागे उभी राहिले, मग पुढे गेले, मग पुन्हा मागे. व्हर्नाने खुर्ची थोपटून दाखवली तेव्हा बसले. अनुपचा फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला.

लॉट अकराच्या माणसाने वाचलं, की त्यांचं बार्न १९५९ साली वीज पडून जळलं.

"वीज कसली!" मागून एक म्हातारा ओरडला. "तुझा काका आत सिगरेट ओढत होता. मी त्याला ती दिली होती."

हॉल हसला. अकरावाल्याने मान हलवत खोडलं, सही केली. लॉट बारा. लॉट तेरा व्हर्नाचा. तिने स्वतः वाचला, तिच्या दोन लहानपणी गेलेल्या भावांची नावं घेतली आणि सही केली.

मग मी. बाबांचा सप्टेंबरचा कागद माझ्या हातात होता. वाचायला लागले. आगमन, घर, विहीर. आडनाव मी नीट, सावकाश उच्चारलं. रॉस दुसऱ्या रांगेत होता, टोपी गुडघ्यावर. त्या बसमध्ये तो सर्वांत वाईट नव्हता. सर्वांत वाईट मुलगा आता अल्बर्टात कुठेतरी आहे. रॉस फक्त दारापाशी उभा राहिला होता, मला उतरता येऊ नये म्हणून. आणि याच रॉसने छत्तीस वर्षांनी बाबांना खुर्चीवरून उचलून जमिनीवर नीट निजवलं होतं.

मी ते वाक्य वाचलं. मिसेस दिघंचीकर यांना ग्रामीण जीवन मानवले नाही.

थांबले. कागदाखाली सहीची रेघ होती. पेन व्हर्नाने माझ्यासमोर आधीच ठेवलं होतं.

"कुणाला काही दुरुस्ती?" समितीच्या सेक्रेटरीने विचारलं.

मेलेल्या माणसाचं लिहिलेलं कोण दुरुस्त करणार. मी पेन उचललं. सही केली की झालं, बाबांचा लॉट पुस्तकात जाणार होता, त्यांच्याच शब्दांत.

तेवढ्यात व्हर्ना म्हणाली, "मला एक आहे." ती उठली नाही. "मला हे वाक्य कधी पटलं नाही. मृणाल बुधवारी माझ्याबरोबर अर्धा क्विल्ट शिवून गेली. पुढच्या बुधवारी आली नाही. मला सांगितलंसुद्धा नाही. मला वाटलं, माझंच काही चुकलं." तिचा आवाज म्हातारा नव्हता, चिडलेला होता. "न मानवलेली बाई अशी शिवत नाही. गसला मी विचारलं होतं. तो म्हणाला, त्यालाही ठाऊक नाही."

"त्यालाही?" मी म्हटलं.

"मागच्या उन्हाळ्यात म्हणाला. म्हणाला, कस्तुरीला ठाऊक असेल, पण ती घाईत असते."

मी कागद टेबलावर ठेवला.

"मग का गेली ती?" व्हर्नाने विचारलं.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "माझ्यामुळे गेली. मी तेरा वर्षांची होते. सात नंबरच्या बसमध्ये मला रोज गटारातली म्हणायचे. एक दिवस मला उतरू दिलं नाही. मी आईला म्हटलं, मला इथून ने, नाहीतर मी ड्रेनमध्ये जाईन. आणि बाबांना सांगायचं नाही म्हणून तिला शपथ घातली. तिने ती पाळली. म्हणून तिने तुलाही काही सांगितलं नाही, व्हर्ना."

रॉसची टोपी खाली पडली. त्याने ती उचलली नाही. मी त्याच्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग मी पेनने ते वाक्य खोडलं आणि त्याच्यावर लिहायला सुरुवात केली, आणि दोन शब्दांनंतर थांबले, कारण टेबलावरचा फोन बोलला.

"ताई?" अनुप म्हणाला. "ताई, हे काय म्हणालीस तू?"

हॉलमध्ये मराठी कुणालाच कळत नव्हती. मी तरीही सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हटलं, "आईला इथे करमत होतं रे, अनुप. करमत नव्हतं ते मला. बाबा तीस वर्षं तिला चिडवत राहिले आणि मी तिथे बसून हसत राहिले. त्यांना सांगायला माझ्याकडे छत्तीस वर्षं होती. त्या रविवारीसुद्धा त्यांनी विचारलं, आणि मी टायरबद्दल बोलले."